पसाभर ज्वारीचा पोरगा

कौशल्याबाई चोपडेला मुलं किती, असं मेहकरच्या बाजारात कोणी विचारलं, की ती वांग्यांच्या ढिगावर पाणी शिंपडता शिंपडता सांगायची, "नाही बाप्पा, एकही नाही." तिच्या मागं कांद्याची पाटी उतरवत असलेला उकंडा हे ऐकून घ्यायचा. त्याचं नाक थेट तिचं होतं आणि चालताना डावा खांदा खाली सोडायची खोडही तिचीच. विचारणारी बाई एकदा ह्या नाकाकडं बघायची, एकदा त्या नाकाकडं, आणि वांगी घेऊन चालू लागायची. दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीत पडायला बाजारात कोणाला वेळ असतो?

खरं तर भानगड कसलीच नव्हती. मेहकरहून हिवऱ्याकडं जाताना पैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव लागायचं, आणि त्या गावातल्या लहान पोरालाही सगळं ठाऊक होतं. कौशल्याबाईच्या पोटी चार लेकरं आली आणि चारही गेली. पहिलं बाराव्या दिवशी, दुसरं आठ महिन्यांचं होऊन. तिसरा सहदेव चांगला अडीच वर्षांचा झाला होता, मळ्यात पळायचा, मोटेच्या बैलांना नावानं हाका मारायचा. चौथ्याला तर नाव ठेवायचीही सवड मिळाली नाही. नवरा महादेवराव दर वेळी फावडं घेऊन गेला आणि परत आल्यावर कोणाशी न बोलता मोट हाकत बसला. पाचव्या वेळी दिवस गेले तेव्हा कौशल्याबाईनं मनाशी ठरवलं, की मूल होऊ द्यायचं, पण आई व्हायचं नाही.

म्हणून पोरगा जन्मला त्याच दिवशी त्याला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे गावाच्या उकिरड्यावर, नेऊन ठेवलं. शेजारची रुखमाबाई गिऱ्हे ठरल्याप्रमाणे 'सहज' तिकडून गेली. तिनं पोर उचललं, चोपड्यांच्या दारात आणलं आणि विचारलं, "बाई, हे कोणाचं?" आतून कौशल्याबाई म्हणाली, "कोणाचं कोण जाणे, मले नोको." मग रुखमाबाईनं पसाभर ज्वारी उंबऱ्यावर ओतली आणि पोर विकत घेतलं. रुखमाबाईची सात लेकरं जितीजागती होती. तिच्या घरात लेकरं नेणाऱ्या सटवीचा हात पोचत नाही, असं बायका म्हणायच्या. विकत घेतलेलं पोर रुखमाबाईनं लगेच कौशल्याबाईकडं 'सांभाळायला' ठेवलं, आणि उकंड्यावर सापडला म्हणून त्याचं नाव उकंडा पडलं.

वऱ्हाडात ही रीत काही नवी नव्हती. गावोगाव उकंडराव आणि कडूबा भेटतात, ते काही आईबापांना चांगली नावं सुचत नाहीत म्हणून नव्हे. पण बाकीच्या बाया ही रीत तोंडापुरती पाळतात. पोर रांगायला लागलं, की हसून सोडून देतात आणि लग्नाच्या हळदीआधी ज्वारी परत करून पोराला रीतसर घरात घेतात. कौशल्याबाईला तोंडापुरतं काही जमायचंच नाही. तिनं पोराला शिकवलं ते असं, की रुखमाबाई तुझी माय आणि मी तुझी मामी. त्याला दूध तिनं पाजलं, गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेऊन तीच बसली, पण 'माहा', म्हणजे माझा, हा शब्द तिनं तोंडातून जाऊ दिला नाही.

एकदाच तो शब्द गेला. पोरगा नऊ वर्षांचा असताना नांदुऱ्याला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत कोणी म्हातारीनं त्याची हनुवटी धरून विचारलं, "कोणाचा गं हा, मोठा गोड आहे?" कौशल्याबाईच्या अंगावर नवं लुगडं होतं, भोवती सगळे हसत होते, आणि ती बोलून गेली, "माहाच हाये." परतीच्या गाडीत पोरगा तापला. एकवीस दिवस मुदतीचा ताप चालला. तो उठला तेव्हा त्याच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या, आणि कौशल्याबाईचे अर्धे केस पांढरे. डॉक्टरनं सांगितलं, लग्नातलं पाणी बाधलं. कौशल्याबाईला जे कळायचं होतं ते कळलं होतं.

आता ह्या सगळ्यात चूक कोणाची म्हणाल, तर शाळेत नाव घालायला गेलेल्या महादेवरावाची. मास्तर नवा होता, दुसऱ्या जिल्ह्यातला. त्यानं विचारलं, "बापाचं नाव?" महादेवरावानं तोंड उघडलं आणि मिटलं. घरातून निघताना बायकोनं त्याला बैलांची शपथ घातली होती. त्यानं सांगून टाकलं, "माणिकराव गिऱ्हे." माणिकराव म्हणजे रुखमाबाईचा नवरा, गावचा लोहार. पोरगा भिंतीला टेकून उभा होता. मास्तरनं दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं. शाळेच्या वहीतलं नाव पुढं मॅट्रिकच्या सर्टिफिकिटावर जाऊन बसतं, हे त्या दोघांना कोण सांगणार? त्यांनी सर्टिफिकिट कधी पाहिलंच नव्हतं.

त्रेसष्ट साली छातीत कळ येऊन महादेवराव गेला. तीन एकरांचा मळा कौशल्याबाईच्या नावावर करायला पटवारी घरी आला. त्यानं विचारलं, "वारस कोण? अपत्य?" उकंडा पलीकडं बैलाला चारा टाकत होता. कौशल्याबाई म्हणाली, "कोणी नाही." पटवारी गावचाच. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, उकंड्याकडं पाहिलं. मग उगाच कशाला बाईचं मन दुखवा, असं म्हणून 'अपत्य नाही' असं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. गाव असं चांगलं होतं. सगळ्यांनी मिळून चांगुलपणानं त्या पोराच्या वाटेत खड्डा खणून ठेवला होता.

महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली होती. उकंडा मॅट्रिकला छप्पन्न टक्के घेऊन पास झाला. गावात तोवर एवढे कोणाला पडले नव्हते. पोरगा मळ्यातच वाढलेला. वांग्याच्या झाडाला शेंडेअळी कधी लागते, कांदा कधी सडतो, हे तो एका वहीत तारखेसकट लिहून ठेवायचा. शाळेच्या हेडमास्तरांनी ती वही पाहिली आणि अकोल्याच्या शेतकी कॉलेजचा फॉर्म त्याच्या हातात दिला. पदवीचा कोर्स, होस्टेल, शेवटच्या वर्षी खेड्यात जाऊन उमेदवारी. उकंड्यानं ते माहितीपत्रक इतक्यांदा वाचलं, की त्याच्या घड्या फाटल्या.

गुरुवारी दुपारी पोस्टमननं पाकीट दिलं. कौशल्याबाई ओसरीत भेंडी निवडत होती.

"मामी, नंबर लागला," उकंडा म्हणाला. पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "कास्तकाराच्या पोराइच्या जागेत लागला. पण शनिवारी पाच वाजेलोक एक कागद द्या लागते. नाही देल्ला तर जागा दुसऱ्याले जाते."

"कोणता कागद?"

"तू माही माय हायेस असा. तहसीलचा."

कौशल्याबाईच्या हातातली भेंडी तशीच राहिली. "त्याइले कोणं सांगतलं असं?"

"फारमात रकाना होता. पालकाचं नाव आणि नातं. म्या लिहिलं."

"काय लिहिलं?"

"जे हाये ते लिहिलं."

"कागदावर लिहिलं?" तिनं विचारलं. "शाईनं?"

ती उठली, मीठ, मोहऱ्या आणि सात मिरच्या घेऊन त्याच्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका काही उठला नाही. म्हणजे नजर पक्की लागलेली. ती चुलीपुढंच बसून राहिली. उकंडा समजावत होता, की माणिकरावबाबाच्या नावावर वीतभर जमीन नाही, खुल्या यादीत माझे मार्क पुरत नाहीत, हीच एक जागा आहे. ती ऐकत होती. पोराच्या आयुष्यात हे दार एकदाच उघडणार, हे तिला समजत नव्हतं असं नाही. तिला चांगलं समजत होतं, आणि त्यानंच ती जास्त घाबरली होती.

शुक्रवारी सकाळी दोघं मेहकरच्या तहसीलीत उभे राहिले. नायब तहसीलदार वामनराव पुण्याकडचा, तरणा, नेमानं चालणारा. त्या महिन्यात त्याच्यापुढं तीन खोटे कास्तकार येऊन गेले होते. कॉलेजच्या जागेसाठी कोणी काकाची जमीन दाखवली होती, कोणी मालकाची. त्यानं मॅट्रिकचं सर्टिफिकिट वाचलं, मग शेताचा उतारा, मग वारसाच्या नोंदीची नक्कल.

"सर्टिफिकेटवर बाप माणिकराव गिऱ्हे. आणि शेत कौशल्याबाई चोपडे यांचं. इथं लिहिलंय, अपत्य नाही. हा अंगठा तुमचाच ना, बाई?"

"हाव."

"मग हा मुलगा कोणाचा?"

कौशल्याबाईनं पदर तोंडाशी नेला. मग ती बोलू लागली. सुपाचं सांगितलं, उकंड्याचं सांगितलं, रुखमाबाईच्या ज्वारीचं सांगितलं, तापाचे एकवीस दिवस सांगितले. "म्या त्याले दूध पाजलं, सायेब. त्याचं नाक पाहा, मग माहं पाहा."

"नाक मला फाइलला लावता येत नाही," वामनराव म्हणाला. तो दुष्ट नव्हता, फक्त आधी तीन वेळा फसला होता. "तुम्ही शपथेवर एवढंच सांगा, की हा माझ्या पोटचा मुलगा आहे. बाकी सगळं मी बघतो. सांगा."

तिचे ओठ हलले. वर पंखा फिरत होता, बाहेर कोणी अर्ज लिहून घेत होतं. उकंडा तिच्या शेजारी उभा होता आणि तिच्याकडं न बघता समोरच्या टेबलाच्या पायाकडं बघत होता. अठरा वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. आता तो जे मागत होता ते फुकटात देता आलं असतं, आणि तेच तिच्यानं देववत नव्हतं. तिला नांदुऱ्याची पंगत दिसत होती.

"बाई, हो की नाही?"

"सायेब, रुखमाले बोलावतो, तिले पुसा."

"आईनं सांगायचं असतं. शेजारणीनं नाही."

उकंड्यानं कागद गोळा केले. "राहू दे, मामी," तो म्हणाला आणि बाहेर पडला. एस.टी.त तो तिच्या शेजारी बसला नाही. गावापर्यंत तो दांड्याला धरून उभा होता, आणि तिनं साऱ्या वाटेत त्याची पाठ पाहिली.

दिवेलागणीला ती रुखमाबाईच्या दारात गेली. तिच्या हातात गाडगं होतं. उंबऱ्यावरची ती पसाभर ज्वारी तिनं अठरा वर्षं राखेत घालून आढ्याला टांगून ठेवली होती. तरी अर्धी किड्यांनी खाल्ली होती.

"रुखमा, हे घे तुही ज्वारी. मले माहं... मले जे देल्लं ते वापस दे. मग उद्या मले बोलता येईन."

रुखमाबाईनं गाडग्यात पाहिलं आणि तिचे डोळे भरले. तिनं ते गाडगं घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. "माय वं, तुले नाही घेता येत आता."

"काऊन?"

"जोडप्यानं घ्या लागते. मायबाप दोघं पाटावर बसते, मंग ज्वारी वापस. महादेवभाऊ नाही. एकटीच्या हातानं घेतला तर..." ती वाईट बाई नव्हती. जे तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं तेच ती सांगत होती, आणि कौशल्याबाईलाही ते माहीतच होतं. माहीत असूनही माणूस एकदा विचारून बघतो.

माणिकराव भट्टीपाशी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "सोडा हे सारं. पोरगा शिकून राह्यला, त्याले जाऊ द्या."

"तुमचे सातही हायेत, भाऊ," कौशल्याबाई म्हणाली. माणिकराव भाता ओढू लागला.

ती गाडगं घेऊन घरी आली. उकंडा जेवला नव्हता. त्याची ती शेंडेअळीची वही चुलीजवळ पडली होती, पानं फाडायला काढल्यासारखी. एकही पान फाडलेलं मात्र नव्हतं. पोरगा भिंतीकडं तोंड करून पडला होता. कौशल्याबाईनं वही उचलून पदरानं पुसली आणि आज दिवसभरात ती पहिल्यांदा रडली. आपण चार जणांना काही देऊ शकलो नाही, आणि पाचव्याला जगवलं ते असं जगवलं, की आता आपणच त्याच्या छातीवर बसलो आहोत, हे तिला कळून चुकलं.

शनिवारी तहसीलीचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर बसली होती. तिनं उकंड्याला पेटीसकट रुखमाबाईबरोबर एस.टी. स्टँडवर धाडलं होतं. "तुही माय तुले गाडीत बसवते," एवढंच ती त्याला म्हणाली होती. वामनराव आला, तिला बघून थांबला आणि आत घेऊन गेला.

"सायेब, दार लोटून घ्या. आणि ते खिडकी."

त्यानं शिपायाला सांगून दोन्ही लावून घेतलं. टेबलावर कागद ठेवला.

"लिहा," ती म्हणाली. तिचा आवाज जमिनीतून आल्यासारखा खोल होता. "उकंडा माह्या पोटचा हाये."

त्यानं लिहिलं. मग नियमानं विचारलं, "आणखी अपत्यं?"

ह्याची तिनं तयारी केली नव्हती. पण एकदा तोंड उघडल्यावर आता काय राखायचं, असं तिला झालं. तिनं सगळ्यांची नावं सांगितली. पहिलीचं विठा, दुसरीचं सुभद्रा. सहदेवचं नाव घेताना ती थांबली. चौथ्याला नाव नव्हतं. "त्याचं काय लिहिता?" तिनं विचारलं. वामनरावानं तिच्याकडं पाहिलं. "मुलगा, असं लिहितो," तो म्हणाला. मग त्यानं खाली लिहिलं, एकूण अपत्ये पाच, हयात एक.

"आता वाचून दाखवतो. नियम आहे."

"नोका वाचू, सायेब."

"वाचावं लागतं, बाई. नाहीतर कागद खरा होत नाही."

कौशल्याबाईनं दोन्ही हातांनी कान झाकले आणि डोळे मिटले. त्या पुण्याकडच्या तरुण माणसाच्या मनात काय आलं कोण जाणे. तो टेबलावर पुढं वाकला आणि त्यानं सगळा जबाब ओठांतल्या ओठांत, शिपायालाही ऐकू जाणार नाही असा वाचला. मग तिचा अंगठा शाईवर टेकवून कागदावर टेकवला, आणि सहीशिक्का मारला.

कागद शिपायानं स्टँडवर नेऊन दिला. ती नाही गेली. अकराची अकोल्याची गाडी सुटल्याचा हॉर्न तिनं तहसीलीच्या भिंतीआड उभं राहून ऐकला. रुखमाबाई परत आली तेव्हा कौशल्याबाईनं तिला ठरवून ठेवलेलं सांगितलं. "पोराले धाडजो सांगावा, का सुट्टीत आला तर तुह्या घरी उतर. माह्या दारात नोको. कागदावर माहा झाला, आता घरात होऊ देता येत नाही." रुखमाबाईनं खूप समजावलं. पण भिंतीला काय समजावणार?

जागा मिळाली. ती मिळाली हे कौशल्याबाईला कुंपणावरून कळलं. रुखमाबाई कुंपणापाशी उभी राहून गाईला ओरडल्यासारखं ओरडायची, "माह्या उकंड्याचं पत्र आलं, होस्टेलात पलंग भेटला म्हणते." पुढं, "माह्या उकंड्याचा दुसरा नंबर आला." इकडं कौशल्याबाई खुरपं चालवत राहायची. मग त्या दिवशी वांग्याची एक पाटी 'विकायला' म्हणून रुखमाबाईच्या ओसरीत जायची. तिचा भाव कोणी कधी केला नाही.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र उकंडा थेट तिच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात पांढरा सदरा होता, गालावर चार केस आले होते. तिनं दार अर्धं उघडलं. ती म्हणाली, "कोण पाह्यजे, बाप्पा?" तो म्हणाला, "कोणी नाही," आणि पन्नास पावलांवरच्या रुखमाबाईच्या घरी गेला. त्या दिवाळीत कौशल्याबाईनं अनारसे केले आणि बैलांना घातले.

अशी तीन वर्षं गेली. पोराला ताप आला नाही, पडला नाही, झडला नाही. त्यामुळं आपलं बरोबर आहे, हे तिच्या मनात अधिकच घट्ट झालं. तिला कोण चूक म्हणणार? पोरगा जिता होता, हा तिचा पुरावा होता.

शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात कॉलेजची दहा मुलं पंधरा दिवसांच्या उमेदवारीला त्याच गावात आली आणि शाळेत उतरली. दोघादोघांना एकेका कास्तकाराचं शेत वाटून दिलं होतं. चिठ्ठ्या टाकून वाटलं होतं, पण उकंड्यानं आपली चिठ्ठी दुसऱ्याशी बदलून घेतली. त्याचा जोडीदार ओटिएनो नावाचा मुलगा होता, केनिया देशातून सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला. उंच, काळाभोर, हसरा. तो समुद्र ओलांडून आला होता, तरी त्याच्या सगळ्या कागदांवर बापाचं नाव एकच होतं आणि त्याला ॲडमिशनला एका दिवसाचाही उशीर झाला नव्हता. होस्टेलच्या खानावळीत राहून तो मराठी शिकला, ती तिथल्या आचाऱ्याची.

दोघं सकाळी मळ्यात आले. कौशल्याबाई वाफ्यात पाणी धरत होती. तिनं उकंड्याला पाहिलं आणि मान खाली घातली. इतक्या जवळून ती त्याला तीन वर्षांत पहिल्यांदा बघत होती. त्याचा खांदा अजून तसाच होता.

"राम राम, माय," ओटिएनो म्हणाला. "लय तहान लागली. पाणी देता का, माय?"

कौशल्याबाईच्या हातातलं फावडं थांबलं. मळ्यात त्या शब्दानं तिला कोणी हाक मारली नव्हती, सहदेव गेल्यापासून. ह्या पोरासाठी भीती नव्हती. हा दुसऱ्या मुलखातला होता. त्याचं नाव इथल्या सटवीच्या ध्यानीमनीही नसणार.

"देतो ना, बाबा. ये, बस माह्या लेकरा," ती म्हणाली. तिनं त्याला निंबाखाली बसवलं, तांब्या दिला, फडक्यातली भाकर सोडली, वांग्याची भाजी वाढली. तो जेवत असताना तिनं त्याच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. "वाळून गेला माहा पोरगा. तिथं धड खाऊ घालत नाही काय? अभ्यास होते का? झोप येते का?" ती ओटिएनोला विचारत होती आणि तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडं, बांधावर बसलेल्या उकंड्यावर होते. ओटिएनोला त्या घराचं काही ठाऊक नव्हतं. तो बापडा सगळ्याला हाव, हाव म्हणत होता. दुसरी भाकर तिनं बांधावर, उकंड्यापासून हातभर दूर नेऊन ठेवली, आणि परत आली.

जेवण झाल्यावर उकंड्यानं पाहणीचा फॉर्म काढला. शेतमालकाचं नाव त्यानं न विचारताच लिहिलं. जमीन, पाणी, बियाणं कोणतं, खत किती, हे विचारत गेला. ती त्याला साहेब म्हणत उत्तरं देत गेली. मग एक रकाना आला, त्याच्यापाशी त्याची पेन्सिल थांबली. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रकान्यात त्यानं जे होतं ते लिहिलं होतं.

"मुलं किती?" त्यानं खाली बघत विचारलं.

"कोणी नाही, सायेब."

वाऱ्यानं कागद उडत होता, तो त्यानं गुडघ्यावर दाबून धरला. मग पेन्सिल टेकवली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर फॉर्म बांधावर ठेवून तो विहिरीकडं गेला आणि पाठ करून उभा राहिला.

कौशल्याबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो फॉर्म उचलून ओटिएनोपुढं धरला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "पाह्य बरं बाबा, त्यानं इथीसा काय लिहिलं?"

ओटिएनोनं अक्षर अक्षर लावत वाचलं, "ना... ही. नाही."

तिनं फॉर्म परत घेतला, बांधावर होता तिथं ठेवला, आणि उडू नये म्हणून त्याच्यावर एक ढेकूळ ठेवलं. "समजदार झाला," ती हळूच म्हणाली, आणि पाणी धरायला वाफ्यात उतरली.